दुसरा ट्रॉम्बोन

नेरूळला, कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर
जिथे आधी झेरॉक्सचं दुकान होतं
तिथे आमचं स्टेशन.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, ट्रेंना निळा रंग.
एसीचं पाणी एका कुंडीत ठिबकतं;
कार्यक्रम सुरू झाला की कुंडीत फडकं टाकायचं,
ते काम माझं.
आमचा आवाज फार लांब जात नाही.
एकीकडे खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर,
मधल्या ओंजळीत
कोणी ऐकत असेल तर असेल.

शनिवारी रात्री नऊला पास्कोल मिरांडा येतात,
ठाण्याहून, चरईतून, दोन बस बदलून,
पांढरा शर्ट, काळा बो-टाय.
रेडिओवर टाय कोणाला दिसतो, मी विचारलं होतं.
"माईकला," म्हणाले,
आणि डबीतून बडीशेप दिली.

पिशवीत तबकड्या. प्रत्येकीला
जुन्या पायजम्याची खोळ, नाडीसकट.
गाणारे सगळे सावकाश,
प्रेमात पडतात तेही इस्त्री न मोडता.
मागे बारा-पंधरा जणांचा बँड,
पितळेची एक अख्खी आळी
एकदम श्वास घेते.
इंग्रजी शब्द मला अर्धे कळतात.
अर्ध्यांवर भागतं.

शेवटची तबकडी ठरलेली.
एकोणसाठ सालची एकतीस डिसेंबर,
फोर्टातल्या कुठल्याशा हॉटेलचा नाचाचा हॉल,
कोणीतरी हौसेने करून ठेवलेलं रेकॉर्डिंग.
गाणारी बाई दुसऱ्या कडव्याला वळते
आणि दुसरा ट्रॉम्बोन
अर्धा सूर खाली घसरतो,
जिना संपला समजून पाऊल टाकावं
आणि अजून एक पायरी निघावी, तसा.

अंकल त्या जागी डोळे मिटतात.
तीन वर्षं बघतेय मी.
"कोण हो हा?"
"होता एक. एकोणीस वर्षांचा.
बूट उसने आणलेले."

परवाच्या शनिवारी फोन आला.
एरवी येतात ते पाणी कधी येणार विचारायला.
जुईनगरहून दमयंती खारकर.
आवाज असा, की लाईनवरची खरखर
बाजूला सरकून उभी राहिली.

"मी टेलिफोन एक्स्चेंजला होते तेव्हा.
त्या रात्री पाळी उशिरा सुटली, बस गेलेली.
हॉटेलच्या मागच्या गल्लीत
मुदपाकखान्याच्या खिडकीखाली उभी होते.
आत जायचं तिकीट म्हणजे माझा पगार.
वरून एक सूर चुकला
आणि मी हसले. मोठ्याने. एकटी, भर रस्त्यात.
दिवसभर दुसऱ्यांच्या जोडण्या करायच्या,
'नंबर प्लीज'च्या पलीकडे तोंड उघडायचं नाही.
त्या वर्षात तेवढंच हसले असेन.
आज बरोब्बर तिथेच चुकला.
तो मुलगा आहे का हो?"

मी काचेतून पाहिलं.
अंकलनी मान हलवली: नाही म्हण.
मग हात वर केला: थांब.
टायची गाठ सोडायला गेले, ती सुटेना.
सुई शेवटच्या चरीत फिरत होती, खट्, खट्;
मी फेडर खाली ओढला.
वीस-पंचवीस सेकंद
आमच्या स्टेशनावरून काहीच गेलं नाही.
आमच्या धंद्यात हे पाप. लेखी मेमो येतो.
आलाही, मंगळवारी.
कुंडीतलं फडकं केव्हा सरकलं कळलं नाही,
उघड्या माईकमधून एक थेंब हवेत गेला:
जुईनगर, सानपाडा, करावे, दारावे,
सगळीकडे टप्.

बाईंनी फोन ठेवला नाही.
ऑपरेटर होत्या त्या,
दोन्ही टोकं जुळल्याशिवाय कशा ठेवतील.

अंकलनी खुर्ची पुढे ओढली,
घसा साफ केला,
माईकवर उगाच एक टिचकी मारली.
"मॅडम," म्हणाले,
"बूट चावत होते."